जोडी जमेपर्यंत

सुट्टीच्या दिवसांत काशीदला आमच्या घरी पाहुणे उतरतात. समुद्रावरून आले की मुलं पायांची वाळू झटकत माजघरात शिरतात आणि टाकीपाशी थबकतात. आत बोटभर लांबीचे दोन पिवळे-केशरी मासे एका करवंटीभोवती घिरट्या घालत असतात. एक करवंटीच्या आत तोंड घालून काहीतरी पुसल्यासारखं करतो, दुसरा बाहेर पहारा देतो, थोड्या वेळाने अदलाबदल होते. मुलं विचारतात, "हे काय करतायत?" मोठी माणसं विचारतात, "केवढ्याला मिळाली ही जोडी?" मुलांना मी सगळं सांगत बसतो. मोठ्यांना एवढंच सांगतो की मासे विकत मिळतात, जोडी मिळत नाही. जोडी जमावी लागते, आणि ती जमेपर्यंत आपण थांबायचं असतं. टाकी, पाणी, दगड, खाणं यांची माहिती या पुस्तिकेत आहेच, पण ती सगळी त्या थांबण्याची तयारी म्हणून वाचावी, असं मला वाटतं.

सिक्लिड हे नाव काहींना नवं वाटेल. मासे मात्र ओळखीचे आहेत. दुकानातला एंजल, ऑस्कर, डिस्कस, कपाळावर टेंगूळ घेऊन फिरणारा फ्लॉवरहॉर्न, हे सगळे याच कुळातले. आठवडी बाजारात ढिगाने विकली जाणारी चिलापीसुद्धा. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या तलावांमध्ये या कुळाच्या शेकडो जाती आहेत, आणि जगभरचे हौशी लोक त्यांच्या मागे लागलेले असतात. भारतात मूळच्या जाती मात्र फक्त तीन. त्यातला थोरला म्हणजे कालुंदर. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तो रव्यात घोळून तव्यावर पडतो, केरळात करीमीन म्हणून केळीच्या पानात भाजला जातो. केरळने २०१० साली त्याला राज्यमासा केलं. शास्त्रात त्याची नोंद झाली ती सुरतेच्या नावाने. बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी १७९० साली त्याला 'सुरातेन्सिस' म्हटलं. दुसरी जात दक्षिण कन्नडच्या नद्यांपुरती आहे, आणि तिसरी आपल्या या पुस्तिकेची नायिका, ऑरेंज क्रोमाइड. दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांत, पश्चजलांत, गोड्या पाण्यातही ती राहते. या तिघांचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नाहीत, मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर एकेकाळी एकत्र होते, हे आपण शाळेत नकाशावर शिकतो. माझ्या टाकीसमोर बसून मला ते अधिक पटतं.

कालुंदर आणि ऑरेंज क्रोमाइड यांचं नातं थोरल्या-धाकट्या भावंडांसारखंच गुंतागुंतीचं आहे. धाकटे क्रोमाइड कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात, आणि कालुंदर त्यासाठी निमूट थांबून राहतो. तेच क्रोमाइड संधी मिळाली की कालुंदराची अंडी आणि पिल्लंही खातात. एकाच खाडीत सेवा आणि चोरी दोन्ही चालतात.

घरात ठेवायला मी धाकट्याची शिफारस करतो. कालुंदर सहज वीतभर होतो, त्याहून मोठाही होतो, आणि त्याच्या जोडीला लागणारी टाकी माजघरात मावत नाही. ऑरेंज क्रोमाइड आठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. कोकणातल्या हवेत त्याला हीटर लागत नाही. पाण्यात थोडा खारटपणा त्याला मानवतो, आणि समुद्रकाठच्या घरात ही फार मोठी सोय आहे. ती कशी, ते पुढे सांगतो.

सिक्लिडांचं वेगळेपण त्यांच्या पालकपणात आहे. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. आपल्या क्रोमाइडमध्ये तर आई-बाप दोघं अंड्यांवर राहतात, पंखांनी पाणी हलवत त्यांना वारा घालतात, पांढरी पडलेली मेलेली अंडी तोंडाने काढून टाकतात. ऑरेंज क्रोमाइडच्या अंड्याला बारीक देठ असतो, त्या देठाने ते दगडाला किंवा करवंटीला लटकून राहतं. पाण्याच्या उबेप्रमाणे तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पोहता येत नसतं, नुसती वळवळतात. मग आई-बाप वाळूत उकरलेल्या खळग्यात त्यांना तोंडाने उचलून नेऊन ठेवतात. एका खळग्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पोहायला लागल्यावर पिल्लं आई-बापांच्या अंगाला तोंड लावून जातात. आधी मला वाटलं की घाबरून चिकटतायत. खरं तर ती अंगावरचा चिकट स्राव खात असतात. आईच्या दुधाच्या जवळ जाणारं माशांमध्ये दुसरं काही मला माहीत नाही. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो आणि त्यांचे सहकारी वॉर्ड यांनी १९६७ साली याच जातीच्या पिल्लांच्या या सवयीवर निबंध लिहिला. परदेशातल्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी आपल्या खाडीतल्या माशाचं बाळपण इतक्या बारकाईने पाहिलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्झ यांनी १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात एका सिक्लिड बापाची हकीकत दिली आहे. तो मासा गांडूळ चघळत होता. इतक्यात एक भटकलेलं पिल्लू दिसलं, त्याने ते तोंडात घेतलं. आता तोंडात घासही होता आणि लेकरूही. मासा क्षणभर तसाच थांबला. मग दोन्ही बाहेर टाकली, गांडूळ खाल्लं, आणि खाताना पिल्लावर नजर ठेवली. नंतर पिल्लू उचलून घरी नेलं. लोरेन्झसारखा माणूस त्या थांबण्याने हलला होता. तो क्षण आपल्या घरात पाहायला मिळावा म्हणून ही सगळी खटपट.

आता पाण्याकडे येतो, कारण काशीदमध्ये सगळा प्रश्न पाण्याचाच आहे.

आमच्याकडच्या विहिरी सुरूच्या बनापासून फार दूर नाहीत. पावसाळ्यात पाणी गोडं आणि मऊ असतं. डोंगरावरून जांभ्यातून पाझरत येतं. चैत्र-वैशाखात विहीर खाली गेली की चहालासुद्धा चव लागते. गप्पी किंवा टेट्रा पाळणाऱ्याला हा त्रास आहे. ऑरेंज क्रोमाइड पाळणाऱ्याला नाही, कारण खाडीतल्या माशाला ऋतूप्रमाणे पाणी गोडं-खारं होण्याची सवय असते. तरी हा बदल हळूहळू व्हायला हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एक भाग समुद्राचं आणि चार भाग विहिरीचं पाणी घेतलं की लिटरला सात ग्रॅम होतात, याहून जास्त लागत नाही, कमी चालतं. समुद्राचं पाणी पावसाळ्यात आणू नये; तेव्हा ते गढूळ असतं आणि त्याचा खारटपणाही उतरलेला असतो. दसरा उलटून गेल्यावर भरतीच्या वेळी, होड्या लागतात त्या जागेपासून लांब जाऊन आणावं, आणि झाकून अंधारात दोन आठवडे ठेवावं.

पाऊस सुरू झाला की गावोगावी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात. माणसांसाठी ते आवश्यकच आहे. पण त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. म्हणून बदलायचं पाणी आदल्या दिवशीच पिंपात भरून त्यात एअर पंपाची नळी सोडून ठेवायची. आमच्या ओसरीवर पावसाळाभर एक निळं पिंप त्यासाठीच असतं.

पुस्तकी सल्ला असा की टाकीत शिंपले टाकू नयेत, पाणी जड होतं. मऊ पाण्यातल्या अमेझॉनच्या माशांसाठी तो सल्ला बरोबर आहे. आपल्या माशाला जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. पीएच साडेसात ते साडेआठ. पावसाळ्यात मऊ झालेल्या पाण्याचा पीएच ढासळू नये म्हणून मी स्वयंपाकघरातल्या तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवतो. ते हळूहळू विरघळतात. वाळू मात्र काशीदच्या किनाऱ्यावरून उचलू नये. ती कितीही पांढरी आणि सुंदर असली तरी तो किनारा तिच्यावरच उभा आहे, आणि तिथून वाळू काढायला कायद्याने बंदी आहे. तसंच मागच्या फणसाडच्या जंगलाचं. तिथल्या पाणवठ्यांना आमच्याकडे गाण म्हणतात. गाणीच्या काठचे गुळगुळीत दगड पाहून मन होतं, पण ते अभयारण्य आहे, तिथलं पानसुद्धा आणायचं नाही. बांधकामाच्या ढिगातला काळा दगड चालतो. त्यावर लिंबू पिळून पाहावं, फेस आला नाही की दगड पाण्यात काही सोडणार नाही. परसातल्या देशी बदामाची वाळलेली दोन पानं टाकावीत. पाणी चहासारखं होतं, आणि मासे त्यात निर्धास्त होतात.

अंडी घालण्यासाठी मी चिनी मातीच्या गुहा, प्लॅस्टिकचे किल्ले सगळं करून पाहिलं. शेवटी अर्ध्या करवंटीवर येऊन थांबलो. शेंड्या काढून, दोन-तीनदा उकळून, एका बाजूला बोटभर खाच पाडून उपडी ठेवायची. तेव्हापासून माझ्या घरातल्या प्रत्येक जोडीने करवंटीच निवडली आहे.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच घ्यावी. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण हे मासे तळाशी संसार करतात आणि प्राणवायू पृष्ठभागावरून येतो. वाळू घालून, वर चार बोटं मोकळी ठेवून भरली तरी त्यात शंभर लिटरहून जास्त पाणी असतं. काच आणि दगड धरून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं. किनाऱ्यावरच्या घरात लोखंडी स्टँड घेऊ नये. खारं वारं त्याला दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकतं, आणि तो कधी वाकतो ते कळत नाही. आम्ही विटांचे दोन खांब रचून वर कडप्प्याची लादी टाकली, मधे थर्मोकोलचा पत्रा. जागा माजघराची. ओसरीवर ऊन येतं, शेवाळ चढतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांनी अंड्यांवरची जोडी बिथरते.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. मासे मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो विषारी असतो. स्पंजमध्ये आणि वाळूत वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, म्हणून आपल्या टाकीत तर घाई मुळीच परवडत नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं, आणि पाण्याची चाचणी करत राहायचं. घरचे लोक म्हणतात, मासे कुठे आहेत? त्यांना सांगायचं, आधी घर लागतंय.

मग आठ लहान मासे आणायचे. जोडी म्हणून दोन कधीच आणू नयेत. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत, मोठेपणीही मोठ्या कष्टाने येतात. खात्रीची खूण अंडी घालण्याच्या दिवसांतच दिसते. आठ एकत्र वाढू द्यायचे. सहा-आठ महिन्यांनी त्यातले दोघं बाकीच्यांपासून दूर एक कोपरा धरतात. रंग उजळतो, पोटाखाली काळा पट्टा दाट होतो, आणि दोघं मिळून एखादा दगड चाटूनपुसून साफ करायला लागतात. ही खूण दिसली की उरलेले सहा काढून घ्यायचे. त्यांची सोय आधीच करून ठेवलेली असावी.

पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. जोडीने अंडी घातली आणि मला धीर धरवेना. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की पहिली खेप आई-बाप खाऊन टाकतात. ते खरंही आहे, नवखी जोडी दोन-तीन खेपा खाते. म्हणून मी अंड्यांचा दगड उचलून वेगळ्या बरणीत ठेवला, बुरशीवरचं मेथिलिन ब्ल्यू घातलं, हवा सोडली. अंडी फुटली. पण मोठ्या टाकीत दुसऱ्या सकाळी मादी फिल्टरच्या मागे दडलेली होती, शेपटी फाटलेली, एका बाजूचे खवले गेलेले. राखायला काही उरलं नव्हतं, म्हणून नराने तिलाच हाकलायला सुरुवात केली होती. ती वाचली, पण ती दोघं परत कधी एकत्र आली नाहीत. बरणीतली पिल्लं पोहायला लागली आणि आठवड्याभरात एकेक करून गेली. त्यांना खायला आई-बापांचं अंग नव्हतं. त्यानंतर मी अंड्यांना हात लावलेला नाही. खाल्ली तर खाल्ली, जोडी शिकते.

दुसरा धडा निसर्ग वादळाने दिला. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दुपारभर वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडत होत्या, कौलं उडत होती, आणि संध्याकाळी सगळं थांबलं तेव्हा विजेचा एकही खांब सरळ नव्हता. वीज कित्येक दिवस आली नाही. त्या वेळी माझ्याकडे दोन टाक्या होत्या. एकीत शहरातून हौसेने आणलेले तीसेक रंगीत मासे, मोठा पॉवर फिल्टर, दिवे. दुसरीत क्रोमाइडची एकुलती जोडी आणि साधा स्पंज. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस माशांना तो पुरला नाही. दोन रात्रींत बहुतेक सगळे गेले. जोडीच्या टाकीत पाणी भरपूर आणि तोंडं दोनच होती. मी दर दोन तासांनी तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतायचो, रात्रीसुद्धा. घरावरची कौलं बसवायची होती, अंगणात झाडं पडलेली होती, आणि तरी हे चालू होतं. दोघं तगले. तेव्हापासून टाकीत किती मासे मावतात हा हिशोब मी वीज नसलेल्या रात्रीवरून करतो. पुस्तिकेतले सगळे आकडे त्याच बेताने दिले आहेत.

खाण्याचं विस्ताराने आत लिहिलं आहे. इथे एवढंच, की किनाऱ्यावर राहणाऱ्याने दुकानातल्या डब्यावर विसंबू नये. सुका जवळा रात्रभर भिजवून, दोनदा पाणी बदलून, चुरून दिला की मोठे मासे तुटून पडतात. उकडलेल्या पालकाचं पान हवं. पिल्लांसाठी मात्र आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव लागतात. खाऱ्या पाण्याच्या बाटलीत त्यांची अंडी टाकून हवा सोडली की साधारण एका दिवसात ते नारिंगी कण हलायला लागतात. डासांच्या अळ्या हे उत्तम अन्न आहे, पण त्यासाठी दारात पाणी साठवू नये. डेंग्यूचं घर आपणच बांधायचं नाही.

पिल्लांचं पुढे काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. मी तो आधी विचारायला सांगतो. एका खेपेत दोन-दोनशे अंडी असतात, आणि एकदा शिकलेली जोडी थांबत नाही. ओढ्यात, तळ्यात, खाडीत एकही मासा सोडायचा नाही. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा हेतू चांगला होता. आज ती धरणांपासून खाड्यांपर्यंत पसरली आहे, तोंडात अंडी सांभाळते म्हणून तिची पिल्लं वाचतात, आणि तिथल्या मूळच्या माशांना जागा उरत नाही. ज्या पालकपणाचं आपल्याला इतकं कौतुक, तेच चुकीच्या पाण्यात असं घातक ठरतं. ऑरेंज क्रोमाइड भारतीय असला तरी काशीदच्या ओढ्यातला नाही. आमच्या आळीत तीन घरांत माझ्या जोडीची पिल्लं वाढताहेत, आणि चौथं घर टाकीची वाट पाहतंय. ते तयार होईपर्यंत मी जोडीसमोरची करवंटी काढून ठेवली आहे. नुसत्या वाळूवरही ती अंडी घालतील, हे मला माहीत आहे. तरी थोडं लांबेल.

वाचणाऱ्याला एक विनंती. पाण्याचं प्रकरण आधी वाचावं, माशांचं नंतर. आणि पहिलं प्रकरण संपलं की टाकी भरून ठेवावी. मासे आणायला दीड महिना आहे.

काशीद, ता. मुरुड
कोजागरी पौर्णिमा